वाचकांचे प्रश्न : उंदराच्या मेंदूतला विषाणू काय सांगतो आणि काय सांगत नाही

चांदीपुरा विषाणूवरच्या आमच्या लेखात ‘उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं’ हे वाक्य तीन-चार ठिकाणी आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

भंडाऱ्याहून एक शिक्षिका लिहितात : चांदीपुरा वाळूमाशी चावल्यानं होतो. मग शास्त्रज्ञ तो विषाणू उंदराच्या थेट मेंदूत का टोचतात? माणसाच्या मेंदूत तर कुणी सुई खुपसत नाही. अशा प्रयोगाला अर्थ काय?

तुमची शंका रास्त आहे. विषाणू कुठून दिला, प्राण्याचं वय काय होतं आणि तो कोणत्या जातीचा होता, या तीन गोष्टींवर निकाल एवढा फिरतो, की त्या सांगितल्या नसतील तर ‘उंदरांत दिसलं’ या वाक्याला फारसं वजन देऊ नये.

चांदीपुराचंच बघू. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पुण्याच्या संशोधकांना सापडला. तो मुलांच्या मेंदूवर किती घातक हल्ला करतो, हे मात्र २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीनं ठळकपणे दाखवलं. तिथे ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. आता उंदरांकडे या. दोन-चार दिवसांच्या पिल्लाला हा विषाणू कातडीखाली दिला काय किंवा पोटात दिला काय, पिल्लू मरतं. सहा-आठ आठवड्यांच्या प्रौढ उंदराच्या पोटात तोच विषाणू टोचला तर तो ठणठणीत राहतो. पण त्याच प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला, तर तोही मरतो.

तुम्हाला निरर्थक वाटलेली सुई इथेच उपयोगी पडते. प्रौढ उंदराच्या चेतापेशी विषाणूपुढे टिकत असत्या, तर मेंदूत टोचूनही तो वाचला असता. तो वाचत नाही. म्हणजे प्रौढाचं संरक्षण चेतापेशींत नसून मेंदूपर्यंतच्या वाटेवर आहे : पेशींनी वेळेवर सोडलेल्या इंटरफेरॉनमध्ये (विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन), वयाबरोबर परिपक्व होणाऱ्या प्रतिकारशक्तीत आणि रक्त व मेंदू यांच्यामधल्या अडसरात. हा आजार मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांना का गाठतो, याचा एक धागा त्यातून हाती लागतो. पोटातली सुई आणि मेंदूतली सुई, दोन्ही मिळून एक प्रयोग होतो. त्यातली एकच केली, तर हाती अर्धवट माहिती येते.

आणि अर्धवट माहिती किती महाग पडते, हे पोलिओच्या इतिहासात दिसतं. १९०८ मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी पोलिओ माकडांत उतरवून दाखवला. पुढे न्यूयॉर्कमध्ये सायमन फ्लेक्सनर यांच्या प्रयोगशाळेत ऱ्हिसस माकडांच्या नाकातून आणि मेंदूतून विषाणू पुन्हा पुन्हा पुढच्या माकडात नेला गेला. या फेऱ्यांत तो स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा तो वाण, असा घडत गेला, की तो चेतापेशींतच वाढू लागला. शिवाय ऱ्हिसस माकडाला तोंडावाटे पोलिओ सहजासहजी होत नाही. त्यामुळे अनेक वर्षं पक्का समज होता, की पोलिओ नाकातून वासाच्या चेतातंतूंवाटे मेंदूत शिरतो. या समजातूनच १९३७ मध्ये टोरांटोत सुमारे ५००० मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला गेला. पोलिओ थांबला नाही, उलट काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. पोलिओ तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, रक्तात उतरतो आणि मग मज्जारज्जूकडे जातो, हे ठरायला आणखी दीड दशक लागलं. त्यासाठी चिंपँझी वापरावे लागले, कारण त्यांना तोंडावाटे लागण होते.

म्हणून आज प्रश्नानुसार वाट ठरवतात. डास किंवा वाळूमाशीनं पसरणारा विषाणू असेल तर तळपायाच्या कातडीत, नाकावाटे जाणारा असेल तर नाकपुडीत थेंब, रक्तातून मेंदूत कसा शिरतो हे पाहायचं तर शिरेत किंवा पोटात. विषाणू आत पोचल्यावर मेंदूत काय घडतं, एवढंच विचारायचं असेल तर थेट मेंदूत. विषाणू मेंदूत पोचतो कसा, हे मात्र शेवटच्या वाटेनं कधीच कळणार नाही.

छत्रपती संभाजीनगरहून सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी : मला विषाणूमुळे येणाऱ्या फिट्सवर प्रकल्प करायचा आहे. माणसाला धोका नसलेलं, पण खात्रीचं असं एखादं प्राणी-मॉडेल आहे का? नेमकं काय करतात आणि कुठे बिघडतं?

आहे. मॅक्स थायलर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रतिष्ठानात प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये आपोआप येणारा लकवा पाहिला आणि त्यामागचा विषाणू वेगळा केला. पिवळ्या तापाच्या लशीसाठी ज्यांना १९५१ चं नोबेल मिळालं, तेच हे थायलर. हा विषाणू पोलिओच्याच कुळातला आहे, पण तो मुळात उंदरांचा. त्याच्यावरचं काम बीएसएल-२, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या, प्रयोगशाळेत होतं.

हा एकच विषाणू दोन जातींच्या उंदरांत दोन वेगळे आजार करतो. एसजेएल जातीच्या उंदरात तो मज्जारज्जूत ठाण मांडून बसतो आणि महिन्या-दीड महिन्यानं चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडू लागतं. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या अभ्यासाला हे मॉडेल फार वापरलं गेलं आहे. सी५७बीएल/६ जातीचे काळे उंदीर मात्र साधारण दोन आठवड्यांत विषाणू साफ करतात, पण त्याआधी, तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना फिट्स येतात. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप फिट्स सुरू होतात, म्हणजे खराखुरा अपस्मार जडतो. तुम्हाला दुसरी जात हवी. विषाणूचा डीए स्ट्रेन घ्या. जीडीव्हीआयआय घेऊ नका, तो उंदरांना थेट मारतो.

उंदीर चार ते सहा आठवड्यांचे, सगळे एकाच पुरवठादाराकडचे. आल्यावर निदान एक आठवडा त्यांना जागेची सवय होऊ द्या. भूल आयसोफ्लुरेनची द्या. केटामिन टाळा, कारण ते पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करतं तेच फिट्समध्येही गुंतलेले असतात आणि तुमचा निकाल सुरुवातीलाच गढूळ होतो. एका उंदराला २० मायक्रोलिटर द्रव द्यायचा, त्यात विषाणूचे साधारण २ ते ३ लाख प्लाक-एकक (लागण करू शकणारे विषाणू मोजण्याचं एकक). यापेक्षा जास्त द्रव दिला तर कवटीत दाब वाढतो आणि प्राणी विषाणूशिवायच आजारी दिसतो. बारीक सुईवर प्लास्टिकची नळी चढवून टोकाची दोन-अडीच मिलिमीटर सुई उघडी ठेवतात, म्हणजे खोली दर वेळी सारखीच राहते. जागा उजव्या डोळ्याच्या मागे, मध्यरेषेकडे सरकून. दट्ट्या सावकाश दाबा आणि सुई लगेच उपसू नका, मिनिटभर तशीच धरा. घाई केली की द्रव सुईच्याच वाटेनं उलटा बाहेर येतो. मग वहीत २० मायक्रोलिटर लिहिलेले असतात आणि मेंदूत त्याच्या निम्मेही राहत नाहीत. फिट्स आल्या नाहीत तर आधी याचाच संशय घ्यावा.

दुसरा संशय विषाणूच्या साठ्यावर. तो उणे ८० अंशांवर छोट्या छोट्या कुप्यांत ठेवा आणि एक कुपी एकदाच वितळवा. पुन्हा गोठवलेल्या कुपीत जिवंत विषाणू किती उरले, हे लेबलवरून कळत नाही. टोचून झाल्यावर सिरिंजमध्ये उरलेला द्रव फेकू नका. त्याच दिवशी त्याची प्लाक-चाचणी लावा. प्राण्याला प्रत्यक्षात किती विषाणू मिळाले याचा पुरावा तोच. ही सवय अनेक प्रयोगशाळांत नसते, आणि नंतर निकाल का जुळत नाहीत म्हणून सगळे डोकं धरून बसतात.

तुलनेच्या गटाला नुसतं सलाइन टोचणं पुरेसं नाही. विषाणू पेशींत वाढवलेला असतो, त्यामुळे त्या द्रवात फुटलेल्या पेशींचे अवशेष असतात आणि तेही दाह करतात. म्हणून विषाणू न टाकलेल्या पेशींचं तेवढंच द्रावण तुलनेच्या गटाला द्या.

फिट्स मोजताना त्यांची तीव्रता पायऱ्यांत मांडणारी रॅसीन मापपट्टी वापरा. तिसरी पायरी म्हणजे पुढचे पाय झटके देतात. चौथीत उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, पाचवीत उभा राहून पडतो. दिवसातून दोनदा पाहा. पिंजरा हलला, उंदराला शेपटीनं उचललं की या मॉडेलमध्ये फिट चाळवते. म्हणून सगळ्या गटांना हाताळणी अगदी सारखी हवी आणि पाहणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे माहीत नसावं. मुद्दाम आवाज करून, पिंजरा हलवून फिट आणायची असेल तर ती प्रत्येकाला त्याच वेळी, त्याच पद्धतीनं.

आता संख्या. इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतात. निम्म्याच उंदरांना फिट्स येतात, म्हणजे सहाच्या गटात तिघांना. औषध दिल्यावर तिघांऐवजी एकालाच आली, तर त्याला निकाल म्हणता येत नाही, तो योगायोगही असू शकतो. फिट येणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येतं हे ८० टक्के खात्रीनं पकडायचं, तर प्रत्येक गटात जवळपास ४० उंदीर लागतात. तेवढे परवडत नसतील तर होय-नाही मोजण्याऐवजी वेगळं काही मोजा : हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, त्याच्या सीए१ पट्ट्यात, किती चेतापेशी उरल्या, किंवा मेंदूच्या विद्युतलहरींत एकूण किती सेकंद फिट टिकली. अशी मापं गटात दहा-बारा उंदीर असले तरी बऱ्याचदा बोलकी ठरतात.

पहिल्या २४ तासांत मेलेला उंदीर विषाणूनं नव्हे, सुईच्या रक्तस्रावानं किंवा भुलीनं मेलेला असतो. तो निकालात धरायचा नाही, पण नोंदवायचा नक्की. आणि एक इशारा प्राणिगृहासाठी : हा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि नैसर्गिक लागण तोंडावाटेच होते. लागण झालेले पिंजरे हवेशीर बंद रॅकमध्ये ठेवा आणि दिवसाच्या कामात सर्वांत शेवटी हाताळा. नाहीतर शेजारच्या खोलीतला, मेंदूशी संबंध नसलेला प्रकल्प बिघडतो.

हे सगळं सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे ‘फॉर्म बी’ भरून मंजुरी घ्यावी लागते आणि प्राणिगृह केंद्रीय समितीकडे नोंदलेलं असावं लागतं. कॉलेजचं असं प्राणिगृह नसेल तर नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करा. मंजुरीआधी उंदीर मागवू नका. फॉर्ममध्ये प्राण्यांच्या संख्येचं समर्थन मागतात, तिथे वरचं गणित मांडा.

सांगलीहून औषधनिर्माणशास्त्राचे एक प्राध्यापक : आमच्या उंदरांच्या मेंदूत आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. विषाणू मेंदूत पोचला असं धरावं का?

एवढ्यावरून नाही. मेंदू रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. रक्तात विषाणू असेल तर मेंदूचा तुकडा कुठूनही घ्या, पीसीआर पॉझिटिव्ह येणारच. म्हणून गाढ भुलीत असतानाच हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुई घालून, उजवा अलिंद कापून, थंड सलाइननं सगळं रक्त धुऊन काढतात. एका उंदराला २० ते ३० मिलिलिटर लागतं. यकृत तपकिरी-लालवरून फिकट पिवळसर झालं की समजा जमलं. यकृत लाल राहिलं तर तो नमुना विषाणू मोजायला वापरू नका.

मग मेंदू मधोमध उभा कापा. एक अर्धा भाग लगेच गोठवा, त्याचं वजन करा, दहापट द्रवात वाटून त्याची प्लाक-चाचणी करा आणि उत्तर ‘एका ग्रॅममागे इतके’ असं द्या. पीसीआर मेलेल्या विषाणूचा आरएनएही मोजते. प्लाक-चाचणी फक्त पेशीला लागण करू शकणारे विषाणू मोजते. आजार ओसरताना पीसीआर पॉझिटिव्ह आणि प्लाक शून्य असं अनेकदा होतं, आणि दोन्ही बरोबर असतात. दुसरा अर्धा भाग चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात तळाला बसेपर्यंत ठेवा आणि ३० मायक्रॉनचे काप घ्या. विषाणूचं प्रथिन आणि चेतापेशीची खूण एकाच पेशीत दिसली तर उत्तर मिळालं. विषाणू फक्त रक्तवाहिनीच्या भिंतीत दिसला तर तो दारापर्यंत आला आहे, आत नाही. मेल्यावर तासाभरानं काढलेल्या मेंदूच्या कापांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. पेशी स्वतःहून विरघळू लागलेल्या असतात आणि ते नुकसान विषाणूच्या खाती जमा होतं.

पुण्याहून निवृत्त परिचारिका : मेंदूज्वरात नुकसान विषाणू करतो की आपलीच प्रतिकारशक्ती? आमच्या काळात कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं देत. त्यांनीही कुणाकुणाला लकवा व्हायचा.

दोघंही करतात, आणि कोण किती करतो हे विषाणूगणिक बदलतं. प्रतिकारशक्ती एकटीच जीव घेऊ शकते, याचा स्वच्छ पुरावा एलसीएमव्ही या उंदरांच्या विषाणूनं दिला. तो पेशींना फारसा मारतच नाही. तरी प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला की सहा ते आठ दिवसांत उंदीर झटके येऊन मरतो. त्याच उंदराला प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नसतील, तर मेंदूत भरपूर विषाणू असूनही तो जगतो. मारणाऱ्या असतात सीडी८ टी-पेशी, म्हणजे विषाणू साफ करायला आलेलं सैन्य. याच विषाणूवर काम करताना कॅनबेरात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी टी-पेशी लागण झालेली पेशी कशी ओळखते हे शोधलं. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

चांदीपुरात तोल दुसरीकडे झुकतो. तिथे विषाणू स्वतः चेतापेशींना आत्मनाशाकडे ढकलतो आणि मुलं दोन-तीन दिवसांत जातात, टी-पेशी जमायलाही सवड मिळत नाही. म्हणून ‘सूज कमी करा’ हा एकच उपाय सगळ्या मेंदूज्वरांना लावता येत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी औषधानं नाहीशा केल्या, तर वेस्ट नाईल किंवा थायलरच्या विषाणूपुढे उंदीर आणखी लवकर कोसळतात. दाह करणाऱ्या म्हणून बदनाम झालेल्या या पेशी सुरुवातीच्या दिवसांत रखवालदार असतात.

तुम्ही म्हणता ती चौदा इंजेक्शनं सेंपल लशीची. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास ती तयार केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवून, फिनॉलनं निष्क्रिय करून ती बनवत. लशीबरोबर मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही टोचलं जाई आणि काही माणसांची प्रतिकारशक्ती त्याच्यावर, आणि मग स्वतःच्या मायलिनवर तुटून पडे. तुम्ही पाहिलेल्या लकव्याचं कारण तेच. अशाच अपघातांचा माग घेताना १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचे अर्क पुन्हा पुन्हा टोचले. विषाणू नसतानाही माकडांच्या मेंदूतलं मायलिन झडलं. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या संशोधनाचा एक मोठा रस्ता तिथून सुरू झाला. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता पेशींत वाढवलेल्या लशी दंडात देतात आणि त्यांत मेंदूचा अंश नसतो. जुन्या आठवणीमुळे कुणी कुत्रं चावल्यावर लस टाळत असेल, तर त्यांना हे आवर्जून सांगा.

गोंदियाहून एक बालरोगतज्ज्ञ : उंदरांना वाचवणारी औषधं रुग्णांत का चालत नाहीत?

मिनोसायक्लिनचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जपानी मेंदूज्वराची लागण केलेल्या उंदरांना हे स्वस्त, जुनं प्रतिजैविक दिलं, तेव्हा मृत्यू बरेच घटले. मात्रा होती रोज किलोमागे ४५ मिलिग्रॅम, आणि सुरुवात लागणीनंतर २४ तासांनी. या मॉडेलमध्ये उंदीर पाचव्या दिवसाच्या सुमारास लुळा पडू लागतो. म्हणजे औषध पहिल्या लक्षणाच्या चार दिवस आधी सुरू झालं होतं. तुमच्याकडे मूल येतं ते झटके येत असताना किंवा बेशुद्ध अवस्थेत.

लखनौमध्ये मेंदूज्वराच्या रुग्णांवर याच औषधाची रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निकाल आले. मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम ठरला नाही. पहिला दिवस तगून गेलेल्या रुग्णांत मात्र आशादायक खुणा दिसल्या. शिवाय त्या रुग्णांच्या मेंदूज्वराची कारणं निरनिराळी होती, आणि उंदरांत मात्र एकच विषाणू, एकच मात्रा, एकच वय. एवढा फरक असताना निकाल जुळला नाही, यात नवल नाही.

आमच्या मते उंदरांवरचा शोधनिबंध वाचताना आधी शोधायचं ते हे, की उपचार लागणीपासून किती तासांनी सुरू केला आणि लक्षणं केव्हा आली. लक्षणं दिसल्यानंतर सुरू केलेल्या उपचारानं उंदीर वाचले असतील, तर त्या औषधाकडे गंभीरपणे पाहावं. असे निबंध थोडे असतात. मात्राही पाहा : उंदराची चयापचयाची गती जास्त असल्यानं त्याची किलोमागची मात्रा माणसाला तशीच लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं ती साधारण बारानं भागतात.

रत्नागिरीहून एक वाचक : कोरोना उंदराच्या मेंदूत शिरून त्याला आठवड्यात मारतो, असं वाचलं. मला कोविडनंतर विसरायला होतं. माझ्याही मेंदूत विषाणू आहे का?

त्या बातमीवरून स्वतःबद्दल तसा निष्कर्ष काढू नका. मूळ कोरोना विषाणू साध्या उंदराला लागतच नव्हता, कारण उंदराचा एसीई२ ग्राहक त्याला जुळत नाही. म्हणून के१८-एचएसीई२ नावाचे उंदीर वापरले. ते अमेरिकेतल्या आयोवात २००७ मध्ये जुन्या सार्ससाठी बनवले होते. त्यांच्यात मानवी एसीई२ घातलेला असतो, पण तो माणसात असतो तिथेच आणि तेवढाच नसतो. त्यामुळे विषाणू नाकातून मेंदूत शिरून तिथे बेसुमार वाढतो आणि या उंदरांचे बरेचसे मृत्यू मेंदूमुळे होतात. माणसांत कोविडनं मुख्यतः फुप्फुसं निकामी होतात आणि मेंदूत विषाणू सापडला तरी सहसा अत्यल्प असतो. लशी आणि औषधं झटपट तपासायला हे उंदीर उत्तम. मेंदूबद्दल मात्र ते फसवतात.

तुमच्या तक्रारीच्या जवळचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानवी ग्राहक फक्त उंदरांच्या श्वसनमार्गात पोचवला होता. लागण सौम्य झाली, मेंदूत विषाणू सापडला नाही. तरीही मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या मायक्रोग्लिया खवळलेल्या राहिल्या, मायलिन कमी झालं आणि हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी कमी बनू लागल्या. फुप्फुसातल्या दाहाचे रासायनिक निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात, असा त्याचा अर्थ. विसरभोळेपणा महिनोन्‌महिने टिकला असेल तर डॉक्टरांकडून थायरॉइड, बी१२, झोप आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्या. ही कारणं बरी करता येतात आणि कोविडच्या नावाखाली झाकली जातात.

ठाण्याहून एक प्राणिमित्र : मानवी पेशींपासून आता बशीत छोटे मेंदू वाढवतात. मग उंदरांचे हाल कशासाठी?

जिथे ते पुरतात तिथे उंदीर वापरूच नयेत, असं आमचंही मत आहे. २०१६ मध्ये झिका विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशी कशा मारतो, हे अशा ऑर्गनॉइड्सनी फार लवकर दाखवलं. तिथे साधा उंदीर उलट कुचकामी होता. झिकाचं एक प्रथिन माणसातला इंटरफेरॉनचा निरोप तोडतं, उंदरातला तोडू शकत नाही, म्हणून उंदीर आजारीच पडत नाही. त्याला मुद्दाम इंटरफेरॉनचा ग्राहक नसलेला बनवावा लागतो. भारतातही मार्च २०२३ मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरण्याची वाट खुली झाली.

पण ऑर्गनॉइडला रक्तपुरवठा नसतो, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर नसतो. टी-पेशी नसतात. मायक्रोग्लिया बाहेरून घालाव्या लागतात. त्याला फिट्सनं पछाडलेलं आयुष्य नसतं, की स्मरणशक्ती नसते. एलसीएमव्हीचा शोध बशीत लागलाच नसता, कारण तिथे विषाणू निरुपद्रवी दिसला असता.

हाल कमी करणं मात्र पूर्णपणे संशोधकाच्या हातात आहे. मृत्यू होईपर्यंत वाट पाहणं हा आळस आहे. रोज ठरल्या वेळी वजन करा. सुरुवातीच्या वजनात २० टक्के घट, चार पायांवर उभं न राहता येणं किंवा थांबत नाहीत अशा फिट्स, यांपैकी काहीही दिसलं तर प्राण्याला भूल देऊन शांतपणे मारायचं, हे प्रयोगाआधीच लिहून ठेवा. पायांतली ताकद गेलेल्या उंदराला ओलं, मऊ खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी द्या. वरच्या जाळीतलं खाद्य त्याला पोचत नाही, तो भुकेनं वाळतो आणि वहीत ते विषाणूचं नुकसान म्हणून चढतं. स्मरणशक्तीच्या पाण्याच्या चाचणीत आजारी उंदीर ढकलू नका. अशक्त उंदीर हळू पोहतो, गारठतो आणि ‘विसरला’ असं लिहिलं जातं. आधी मोकळ्या चौकात त्याची चाल मोजा, ती पूर्ववत झाल्यावर चाचणी घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर त्याला पुसून उबेत ठेवा. अशी काळजी घेतली की आकडे स्थिर येतात आणि कमी उंदरांत काम भागतं.

नाशिकहून एक गृहिणी : आमच्याकडे मुलीनं हॅमस्टर पाळला आहे आणि सूनबाई गरोदर आहे. या विषाणूंपैकी कशाची भीती आहे का?

थायलरच्या विषाणूची नाही. पण वर आलेला एलसीएमव्ही घरातल्या उंदरांत असतो आणि पाळीव हॅमस्टरला लागू शकतो. गरोदरपणात आईला लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण टाळणं सोपं आहे. बाळंतपण होईपर्यंत पिंजरा सूनबाईंच्या खोलीत नको, आणि तो दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. लेंड्या आणि भुसा कोरडा झाडू नका. आधी ब्लीचच्या पातळ द्रावणानं भिजवा, हातमोजे घालून उचला आणि नंतर साबणानं हात धुवा. घरात उंदीर फिरत असतील तर त्यांच्या लेंड्यांनाही हाच नियम. ताप आणि जोराची डोकेदुखी झाली, तर घरात हॅमस्टर आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.